शाहीर अमर शेख

मुलांनो, शाहीर अमर शेख यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांचा जन्म १९१६ साली बार्शी येथे झाला. घरी गरिबी होती. पण आई मुनेरबी यांच्याजवळ मराठी लोकगीतांचा ठेवा होता. तो त्यांनी जपला. गिरणीत काम करताना कामगारांची दुःखे पाहिली, ती गाण्यांतून मांडली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या पहाडी आवाजाने हजारो माणसे जागी केली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. १९६९ साली शाहिरांचे निधन झाले.

तुमच्या दादी-नानीलाही जुनी गाणी येत असतील. ती आजच ऐका, लिहून ठेवा. उद्या धाकटी भावंडे ती तुमच्याकडूनच शिकतील.