बॅरिस्टर नाथ पै : विरोधी बाकावरील चौदा वर्षे

वेंगुर्ल्याच्या बंदरातून मुंबईची बोट माणसे घेऊन जाई आणि मागाहून त्यांच्या मनिऑर्डरी येत. पावसाळ्यात बोटही बंद असे. रेल्वे नाही, गिरणी-कारखाना नाही, अशा या दक्षिण कोकणात २५ सप्टेंबर १९२२ रोजी पंढरीनाथ बापू पै यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. पुढील शिक्षण बेळगाव व पुणे येथे झाले. १९४२च्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला. त्यानंतर लंडनला जाऊन ते बॅरिस्टर झाले. समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले, आणि ऑस्ट्रियातील क्रिस्टल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. युरोपात स्थिरावणे त्यांना अवघड नव्हते. ते परतले ते राजापूर मतदारसंघात.

१९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन आंदोलनात, प्रजासमाजवादी पक्षातर्फे ते लोकसभेवर निवडून आले. १९६२ साली महाराष्ट्रात काँग्रेसने बहुतेक सर्व जागा जिंकल्या, तरी राजापूर त्यांच्याकडेच राहिले. १९६७ सालीही तसेच घडले. पक्ष लहान, सत्ता कधीच हाती नाही. प्रभाव पडला तो अभ्यासाचा आणि वाणीचा. गोवामुक्तीचा प्रश्न असो वा केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप, ते बोलायला उठले म्हणजे सत्ताधारी बाकेही कान देत.

त्यांच्या संसदीय कार्याचा कळस म्हणजे घटनादुरुस्तीचे विधेयक. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने निर्णय दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. नाथ पैंना हा लोकांच्या सार्वभौमत्वाचाच संकोच वाटला. जमीनसुधारणांसारख्या सामाजिक परिवर्तनाच्या वाटा यामुळे अडतील, ही त्यांची चिंता होती. एप्रिल १९६७ मध्ये त्यांनी अशासकीय विधेयक मांडले. संयुक्त समितीकडून ते परत आले, त्यावर चर्चा झाल्या. परंतु डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही संपले. पुढे नोव्हेंबर १९७१ मध्ये चोविसाव्या घटनादुरुस्तीने संसदेला तोच अधिकार दिला, आणि १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने तो मान्य केला. मात्र घटनेची मूलभूत चौकट मोडू नये, अशी मर्यादा घातली. अनियंत्रित बहुमताचे भय विधेयकाच्या विरोधकांनी बोलून दाखविले होते, आणि आणीबाणीने ते भय पोकळ नव्हते हे सिद्ध केले. नाथ पैंचा संसदेवरील विश्वास काहीसा अधिकच होता, असे म्हणावे लागते. पण तो संसदेत राबून मिळविलेला विश्वास होता.

१७ जानेवारी १९७१ रोजी, निवडणुका तोंडावर आल्या असताना, ते बेळगावच्या हुतात्मा दिनाच्या सभेत बोलले. १९५६ साली याच तारखेला येथे भाषिक आंदोलकांवर गोळीबार झाला होता. सभेनंतर काही तासांतच, १८ जानेवारीस, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. सीमाप्रश्न पुढे २००४ साली महाराष्ट्राच्या दाव्याच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात गेला.

राजापूरची जागा मधु दंडवते यांनी लढविली आणि जिंकली. नाथ पैंनी लोकसभेत वारंवार मागितलेली कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली. वेंगुर्ल्यास ती जात नाही. कुडाळला किंवा सावंतवाडीला उतरून पुढे मोटारीने जावे लागते.