देवासचे कुमार

कुमार गंधर्वांना आपण बेळगावकर आपलेच मानतो. सुळेभावीला ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेले हे शिवपुत्र कोमकली. घरची भाषा कन्नड. पण आयुष्याची चव्वेचाळीस वर्षे त्यांनी काढली माळव्यात, आणि मला त्यांच्या चरित्रातील हाच भाग अधिक मोलाचा वाटतो.

मुंबईत प्रो. बा. र. देवधरांकडे शिकून नावलौकिक मिळत असतानाच क्षयाने गाठले. कोरडी हवा हवी म्हणून ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींच्या हत्येच्या दिवशीच, ते पत्नी भानुमतींसह देवासला आले. धार व देवास ही पवारांची संस्थाने, त्यामुळे मराठी तेथे अगदीच परकी नव्हती. रस्त्यावरची बोली मात्र माळवी. भानुमतींनी शाळेत नोकरी धरली. ज्याची ओळख गळ्याने व्हायची, त्यालाच गाण्याची बंदी! तेव्हा अंथरुणावर पडून कुमार ऐकत राहिले : बायकांची लोकगीते, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने. असे वर्षानुवर्षे.

स्ट्रेप्टोमायसिनने प्राण वाचले. एक फुफ्फुस मात्र निकामी झाले. त्यांच्या आखूड, झेपावणाऱ्या तानांचे कारण पुष्कळ जण तेथेच शोधतात. मला ते अपुरे वाटते. फुफ्फुसाने फार तर दम कमी केला असेल; मालवतीसारखा राग त्यांना लोकधुनेत सापडला. १९६५ साली निघालेल्या ‘अनूपरागविलास’मधील कित्येक बंदिशी माळवी बोलीत आहेत.

बरे झाल्यावर मुंबईची वाट मोकळी होती. ते कायमचे परतले नाहीत. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचे निधन झाले.