बंगळूरच्या प्रयोगशाळेतील डॉ. होमी भाभा

भारतीय अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार म्हणून डॉ. होमी जहांगीर भाभा सर्वांना परिचित आहेत. मात्र अणुभट्ट्यांच्या उभारणीपूर्वी सुमारे सहा वर्षे त्यांनी बंगळूर येथे विश्वकिरणांच्या संशोधनात व्यतीत केली. कागदावर गणिते मांडणारा हा सैद्धांतिक शास्त्रज्ञ तेथे मूलकणांचा वेध घेणारी उपकरणे उभारण्याच्या कामात गुंतला आणि त्यातूनच भारतातील प्रायोगिक कणभौतिकीचा पाया भक्कम झाला.

भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे वकील होते, तर सर दोराबजी टाटा हे नात्याने त्यांच्या आत्याचे यजमान. मुलाने अभियंता व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याची धुरा सांभाळावी, अशी घरच्यांची अपेक्षा होती. त्यानुसार १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. अभियांत्रिकीची परीक्षा त्यांनी १९३० मध्ये प्रथम श्रेणीत उत्तीर्ण केली खरी. पण मन रमले ते गणितात आणि पदार्थविज्ञानात.

केंब्रिजमधील कीर्ती

इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन परस्परांजवळ येऊन विखुरतात, तेव्हा नेमके काय घडते याचे गणित भाभा यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यावर मांडले. ही प्रक्रिया आज जगभर भाभा विकिरण या नावाने ओळखली जाते. अंतराळातून येणारा एक कण वातावरणात शिरल्यावर कणांचा वर्षाव कसा निर्माण होतो, याचा उलगडा त्यांनी १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासमवेत केला.

सन १९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले होते. सप्टेंबरमध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परतीचा मार्ग खुंटला. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन हे पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख होते. तेथे भाभा प्रपाठक म्हणून रुजू झाले. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने त्यांच्यासाठी विश्वकिरण संशोधन विभाग सुरू झाला. सन १९४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना लाभले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३१ वर्षांचे होते.

बंगळूरच का?

विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी बंगळूरचे भौगोलिक स्थान मोलाचे होते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित कणांना वळविते. चुंबकीय विषुववृत्ताजवळ हा अडसर सर्वाधिक प्रभावी असल्याने तेथे केवळ अतिशय ऊर्जावान कणच वातावरणापर्यंत पोहोचतात. बंगळूर या विषुववृत्तापासून जवळ आहे. त्यामुळे येथील मोजमापांची उत्तरेकडील प्रदेशांतील मोजमापांशी तुलना केल्यास मूळ कणांच्या ऊर्जेचा अंदाज बांधता येतो. नोबेल पारितोषिकविजेते अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन आणि त्यांचे सहकारी याच कारणास्तव फुग्यांतून उपकरणे सोडण्यासाठी भारतात आले होते. त्यांनी आग्रा आणि पेशावरबरोबरच बंगळूरचीही निवड केली होती.

भाभा यांनी बंगळूर येथे १२ इंच व्यासाच्या मेघकक्षाची उभारणी हाती घेतली. तो इंग्लंडमधील मँचेस्टरच्या प्रयोगशाळेत बनलेल्या मेघकक्षाच्या धर्तीवरचा होता. या उपकरणात बाष्पाने संपृक्त झालेला वायू एकाएकी प्रसरण पावतो व थंड होतो. त्याच क्षणी एखादा विद्युतभारित कण गेला असेल, तर त्याच्या वाटेवर सूक्ष्म थेंबांची रेषा उमटते आणि तिचे छायाचित्र घेता येते. प्रसरणाची वेळ, तापमान आणि प्रकाशयोजना यांपैकी एक जरी बिघडले, तरी छायाचित्र वाया जाते. युद्धकाळात परदेशातून सामग्री मिळणे दुरापास्त असल्याने पुष्कळसे काम स्थानिक कारागिरीवर निभावून न्यावे लागत होते.

विमानातील प्रयोग

या काळातील सर्वांत धाडसी प्रयोग आकाशात पार पडला. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये बंगळूर येथे विमानांचा कारखाना निघाला होता. सन १९४३ मध्ये तेथील काम अमेरिकी हवाई दलाकडे गेले व शहरात अमेरिकी विमानांचा राबता वाढला. या विमानांतून कणशोधक उपकरण उंचावर नेण्याची संधी भाभा यांनी साधली.

हे उपकरण म्हणजे गायगर गणकांची दुर्बीणच होती. धातूची नळी, तिच्या मध्यातून जाणारी बारीक तार, आत कमी दाबाचा वायू आणि उच्च विद्युतदाब अशी गणकाची रचना असते. अनेक गणक एकावर एक मांडले आणि सर्वांनी एकाच क्षणी नोंद दिली, तरच एक कण सरळ रेषेत आरपार गेला असे मानले जाते. मध्ये शिशाचे थर ठेवले की दुबळे कण अडतात व भेदक मेसॉन कणच पुढे जातात. उड्डाण थोड्या तासांचे असते आणि सुमारे ३० हजार फुटांवर बिघाड दुरुस्त करण्यास वाव नसतो. साहजिकच प्रत्येक गणक, प्रत्येक जोडणी जमिनीवरच पारखून घ्यावी लागते. भाभा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मोजमापे यशस्वी केली. त्यांचे निष्कर्ष १९४५ मध्ये अमेरिकेतील फिजिकल रिव्ह्यू या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

याच काळात तरुण विक्रम साराभाई हेदेखील बंगळूर येथे विश्वकिरणांच्या तीव्रतेतील बदलांचा अभ्यास करीत होते. पुढे भारतीय अंतराळ कार्यक्रमाची मुहूर्तमेढ त्यांनीच रोवली.

परत न जाण्याचा निर्णय

युद्ध संपत आले, तसा भाभा यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. युरोपातील नामांकित विद्यापीठांत परतावे, की साधनांची चणचण असलेल्या देशात राहावे? त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा विश्वस्त निधीकडे मूलभूत संशोधन संस्थेचा प्रस्ताव पाठविला. अणुऊर्जेचा वापर होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, अशी त्यामागील दृष्टी होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम जून १९४५ मध्ये बंगळूर येथेच सुरू झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ या वास्तूत आली.

बंगळूरच्या परिसराशी असलेले नाते मात्र तुटले नाही. कोलार येथील सोन्याच्या खोल खाणीत उपकरणे न्यावीत, ही सूचना भाभा यांचीच. बी. व्ही. श्रीकांतन यांनी १९५१ मध्ये तेथे कामास प्रारंभ केला. सन १९६५ मध्ये याच खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनो कणांचा माग लागला. दक्षिण आफ्रिकेतील खाणीतही त्याच सुमारास असे यश मिळाले. जगातील हे पहिलेच शोध होते.

हे यश भाभा यांना पाहता आले. परंतु त्यानंतर त्यांना अल्पच आयुष्य लाभले. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्ना येथील बैठकीसाठी निघाले असता आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखराजवळ एअर इंडियाचे विमान कोसळले आणि त्यात त्यांचा अंत झाला.

कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. भाभा यांचे नाव मात्र प्रयोगशाळांतून कायम आहे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर घडविणाऱ्या यंत्रांत एकूण किती टकरी झाल्या, याचे मोजमाप भाभा विकिरणाच्याच आधारे केले जाते. जपानमधील त्सुकुबा येथील बेल २ या कणशोधकातही ही पद्धत वापरली जाते आणि त्याच्या सिलिकॉन शोधकाचा एक थर टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तयार केला आहे. बंगळूर येथे मोजक्या साधनांनिशी आरंभलेले कार्य अशा रीतीने जगाच्या प्रयोगशाळेत पोहोचले आहे.