तोफांचे नांगर करणारे लक्ष्मणराव

धार शहरातील लाट मशिदीजवळ एक प्राचीन लोहस्तंभ तीन तुकडे होऊन आडवा पडलेला आहे. तेथून इंदूर ओलांडून देवासला गेले की किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना लागतो. धारचे लोखंड मोडून पडले आहे, तर देवासचे लोखंड विहिरीतून पाणी वर आणते. ज्या घराण्याचे नाव या कारखान्याला आहे, त्या घराण्यातील लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मोडके लोखंड पुन्हा कामाला कसे लावले, ते आज आम्ही वाचकांना, विशेषतः शब्बाथशाळेच्या शिक्षकांना, सांगू इच्छितो.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर गावी झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण त्यांना रंग नीट ओळखता येत नसत. रंगांचा मार्ग बंद झाला तेव्हा त्यांनी यंत्रांची चित्रे काढण्याचे शिक्षण घेतले आणि व्हिक्टोरिया जुबिली तंत्रसंस्थेत ते शिक्षक झाले. पुढे हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला परतले. तेथे बंधू रामूअण्णांच्या साथीने त्यांनी सायकलींचे दुकान चालविले, मग कडबा कापण्याचे यंत्र बनविले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला.

हा नांगर कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे लागली. इतक्यात बेळगावची कारखान्याची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. त्या माळावर निवडुंग आणि साप यांचेच राज्य होते. १९१० साली थोडे कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तेथे राहावयास गेले. तीच किर्लोस्करवाडी.

पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले आणि परदेशातून येणारे लोखंड मिळेनासे झाले. भट्टी पेटवावी तर तीत ओतायचे काय? त्या वेळी कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीला धावले. संस्थानात जुन्या तोफा निरुपयोगी पडून होत्या, त्या त्यांनी वितळविण्यासाठी दिल्या. एकेकाळी माणसे मारण्यासाठी ओतलेल्या लोखंडाचे नांगर झाले आणि ते शेतात चालू लागले. यशया संदेष्ट्याने जे चित्र रेखाटले आहे, ते आपल्या मुलांना शिकविताना कुंडलच्या माळाचे हे उदाहरण हाताशी असावे, असे आम्हांस वाटते.

भंगाराचे हेच काम आज फार मोठ्या प्रमाणावर चालते. भंगार फोडण्याच्या यंत्रात एक जाडजूड कणा फिरतो व त्यावर लोखंडी हातोडे टांगलेले असतात. जुनी मोटारगाडी आत ढकलली की थोड्याच वेळात तिचे मुठीएवढे तुकडे होतात. मग चुंबक त्यांतील लोखंड वेगळे काढतो आणि ते पुन्हा भट्टीत जाते. हा कणा फिरविणारी विजेची मोटार हजार अश्वशक्तीपासून दहा हजार अश्वशक्तीपर्यंतची असते. आपल्या विहिरीवरची मोटार तीन-पाच अश्वशक्तीची असते, हे आठवले म्हणजे तिच्या ताकदीची कल्पना येईल. एखादा जड तुकडा हातोड्यांखाली आला की कण्याची गती मंदावते आणि सारा ताण एकदम मोटारीवर येतो. तो सोसता यावा म्हणून तिला एवढे बळ लागते. नव्याने खाणीतून काढण्यापेक्षा जुने लोखंड वितळविण्यास दगडी कोळसा पुष्कळच कमी लागतो, म्हणून हा खटाटोप परवडतो.

लक्ष्मणरावांच्या कारखान्यात १९२६ साली पंप तयार होऊ लागले. पंप म्हटला की तो फिरविणारे यंत्रही आलेच. १९४६ साली किर्लोस्कर कुटुंबाने बंगळूरला विजेच्या मोटारींचा आणि पुण्याजवळ खडकीला तेल-इंजिनांचा कारखाना काढला. नांगरापासून निघालेली वाट मोटारीपर्यंत पोहोचलेली लक्ष्मणरावांनी डोळ्यांनी पाहिली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने टपालाचे तिकीट काढले.

पण कारखाने काढणारे पुष्कळ असतात. आम्हांला लक्ष्मणराव मोठे वाटतात ते आणखी एका गोष्टीसाठी. किर्लोस्करवाडीत त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. गुन्ह्याबद्दल शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमले. ज्यांच्या भीतीने गाव दाराला कडी घालत असे, त्यांच्याच भरवशावर साऱ्या वसाहतीने झोपावे, हा निर्णय सोपा नव्हता. त्यात चूक झाली असती तर लोकांनी आधी मालकालाच नावे ठेवली असती. माळ, तोफा आणि माणसे या तिन्हींना लोकांनी टाकाऊ ठरविले होते. लक्ष्मणरावांनी तिन्हींना काम दिले, आणि कामाबरोबर विश्वासही दिला.

यंत्रातले चुंबक लोखंड बिनचूक निवडते. माणसाची पारख करणारे असे चुंबक कोणी अजून बनविलेले नाही. तेथे धोका पत्करूनच विश्वास टाकावा लागतो. आपण उपासनेत क्षमेविषयी वारंवार बोलतो. तुरुंगातून सुटलेला किंवा दारू सोडून आलेला भाऊ आपल्या मंडळीत मागच्या बाकावर येऊन बसतो, तेव्हा आपण त्याला नमस्कार करतो आणि बहुधा तेथेच थांबतो. त्याला दानाची पेटी धरावयास देऊ काय? मंदिराची किल्ली त्याच्या हाती ठेवू काय? शिक्षकांनी हे चरित्र वर्गात सांगावे, आणि पंचमंडळींनी पुढल्या बैठकीत या दोन प्रश्नांचा विचार करावा.