विल्यम पेंटर: सोड्याच्या बुचाचा बाप, आणि त्याने अर्धवट सोडलेला ऑक्सिजनचा प्रश्न

यवतमाळ, वणी, पुसद, कुठल्याही गावात उन्हाळ्यात थंड पेयाची काचेची बाटली घ्या. वर जे दातेरी पत्र्याचं बूच असतं, ते आपण ओपनरने उडवतो आणि विसरून जातो. लहान मुलं तेच बूच ठोकून सपाट करतात, दोन भोकं पाडतात, दोरा ओवतात आणि भिंगरी फिरवतात. या बुचाचं खरं नाव ‘क्राऊन कॉर्क’. ते बनवणाऱ्या माणसाचं नाव विल्यम पेंटर.

आज या बुचाची एक महागडी आवृत्ती मिळते. तिच्या आतल्या अस्तरात ऑक्सिजन शोषून घेणारं रसायन असतं. घरी बिअर बनवणारे लोक ती विकत घेतात. पैसे वसूल होतात का? याचं उत्तर समजून घ्यायचं तर आधी पेंटरने नेमका कुठला प्रश्न सोडवला होता, ते पाहायला हवं.

पेंटरच्या आधी काय होतं?

विल्यम पेंटरचा जन्म २० नोव्हेंबर १८३८ रोजी अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, ट्रायडेल्फिया या छोट्या गावी, एका क्वेकर कुटुंबात झाला. कॉलेज वगैरे काही नाही. सतराव्या वर्षाच्या आसपास तो विल्मिंग्टनला चकचकीत कातडं बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला लागला. तिथेच यंत्रांची गोडी लागली. १८६५ मध्ये तो बाल्टिमोरला आला आणि एका मशीन शॉपमध्ये फोरमन झाला.

हा माणूस एका विषयाला चिकटून राहणारा नव्हता. गाडीतलं भाडं गोळा करायची पेटी, खोटी नाणी ओळखायचं यंत्र, पंप अशा नाना गोष्टी त्याने बनवल्या. आयुष्यभरात त्याच्या नावावर ८० च्या वर पेटंट जमली. पण नाव झालं ते बाटलीच्या तोंडामुळे.

त्या काळात सोडा आणि बिअर बाटलीत भरणं ही डोकेदुखी होती. साधं कॉर्कचं बूच वायूच्या दाबाने उडायचं, म्हणून ते तारेने बांधावं लागे. इंग्लंडच्या हायरम कॉडने १८७० च्या दशकात गोटीची बाटली आणली. आपली गोटी सोड्याची बाटली ती हीच. आतला वायूच गोटीला वर ढकलतो आणि तोंड बंद होतं. आयडिया जबरदस्त, पण बाटली बनवायला किचकट आणि आतून धुवायला त्याहून अवघड. तारेच्या कडीने बंद होणारी झाकणंही आली. ती पुन्हा पुन्हा वापरली जायची, त्यामुळे तार गंजायची, रबर सडायचं आणि आधीची घाण पुढच्या पेयात उतरायची.

एकदा वापरा, फेकून द्या

पेंटरचा पहिला मोठा प्रयत्न १८८५ चा. बाटलीच्या मानेत आतून खाच, त्यात दाबून बसवलेली रबराची चकती. ती काढली की फेकायची. स्वस्त होती, चाललीही. पण तो तिथे थांबला नाही.

त्याच्या लक्षात आलं की बाटली मानेच्या आतून बंद करण्याची गरजच नाही. तोंडाच्या वरच्या काठावर पातळ कॉर्कची चकती ठेवा, तिच्यावर पत्र्याची टोपी ठेवा, आणि टोपीची दातेरी कड काठाखाली दाबून वळवा. पत्रा पकड देतो, कॉर्क दबून फट बुजवतो. दोन कामं, दोन वेगळे भाग. पेय धातूला लागू नये म्हणून मध्ये पातळ थर. २ फेब्रुवारी १८९२ रोजी याची पेटंट मिळाली आणि त्याच वर्षी बाल्टिमोरमध्ये ‘क्राऊन कॉर्क अँड सील’ ही कंपनी उभी राहिली. पहिल्या बुचांना २४ दात होते. आजच्या बुचांना २१ असतात, हवं तर मोजून पाहा.

लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्याने एका बिअरवाल्याला या बुचांच्या बाटल्या जहाजाने दक्षिण अमेरिकेला पाठवून परत आणायला लावल्या, आणि बिअर चांगली राहिली, अशी गोष्ट सांगितली जाते.

तरी बाजार लगेच पालटला नाही. कारण बूच एकटं काही कामाचं नसतं. ते बसायला ठरावीक मापाचं तोंड असलेली बाटली हवी, आणि ते दाबायला यंत्र हवं. आपल्या भाषेत सांगायचं तर पेंटरला नुसतं प्रॉडक्ट नाही, अख्खा इंटरफेस विकायचा होता. कारखानदारांकडे जुन्या बाटल्यांचे ढीग पडलेले होते, ते कोण फेकणार? म्हणून १८९८ मध्ये त्याने पायाने चालणारं बूच बसवायचं यंत्र आणलं. मिनिटाला २४ बाटल्या. पुढे १९०३ च्या सुमारास मायकेल ओवेन्सच्या यंत्राने एकसारख्या मापाच्या बाटल्या निघू लागल्या आणि पेंटरच्या बुचाला मोकळं रान मिळालं.

याच कंपनीत किंग जिलेट नावाचा एक सेल्समन होता. वापरून फेकावी लागेल आणि गिऱ्हाईक पुन्हा येईल अशी एखादी वस्तू शोध, असा सल्ला पेंटरने त्याला दिला. त्यातून पुढे दाढीचं पातळ ब्लेड आलं. बाकी इतिहास आपल्या बाथरूममध्ये आहे.

१५ जुलै १९०६ रोजी बाल्टिमोरमध्ये पेंटर वारला. तोवर कंपनीचे कारखाने जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड, जपान आणि ब्राझीलपर्यंत पोचले होते.

पण हवा आत येते कशी?

आता मूळ मुद्दा. पेंटरने आतला वायू बाहेर जाऊ नये याची सोय केली. बाहेरचा ऑक्सिजन आत येऊ नये, हा वेगळा प्रश्न आहे.

तुम्ही म्हणाल, बाटलीत तर दाब जास्त, मग हवा आत घुसेलच कशी? गंमत अशी की प्रत्येक वायू फक्त स्वतःचा दाब बघतो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, बाटलीत जवळपास शून्य. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड कितीही कोंबलेला असो, ऑक्सिजन बुचाच्या अस्तरातून थोडा थोडा आत झिरपतोच. कॉर्कच्या जागी प्लॅस्टिकचं अस्तर आलं तरी हे पूर्ण थांबलं नाही. ऑक्सिजनने बिअर शिळी होते, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते आणि हॉप्सचा सुगंध मरतो.

ऑक्सिजन शोषणाऱ्या बुचाच्या अस्तरात सल्फाइट किंवा क जीवनसत्त्वाच्या जातीचं रसायन मिसळलेलं असतं. ओलावा लागला की ते जागं होतं आणि ऑक्सिजन पकडतं. खाऊच्या पाकिटात लोखंडाच्या भुकटीची पुडी असते, तसलंच तत्त्व.

हिशोब करून बघू

३३० मिलीची बाटली घ्या. वर १५ मिली जागा रिकामी, आणि त्यात साधी हवा. म्हणजे ऑक्सिजन साधारण ३ मिली, वजनाने ४ मिलिग्रॅम. लिटरमागे हिशोब केला तर १२ मिलिग्रॅम. मोठ्या ब्रुअरीज हा आकडा ०.१ च्या खाली ठेवायचा प्रयत्न करतात. शंभरपटीहून जास्त फरक! आणि हा ऑक्सिजन बुचातून झिरपलेला नाही, बूच लावायच्या आधीच आत बसलेला आहे. बुचातलं रसायन सावकाश काम करतं. तोवर बराच ऑक्सिजन बिअरमध्ये उतरून आपलं काम करून मोकळा होतो.

मग घरगुती बिअर बिघडत कशी नाही? कारण घरी बहुतेक जण बाटलीत थोडी साखर घालून बूच लावतात. आत जिवंत यीस्ट असतं. ते साखर खाताना यातला बराच ऑक्सिजनही खाऊन टाकतं. ऑक्सिजन शोषक फुकटात मिळाला!

आणि तापमान विसरू नका. ढोबळ नियम असा, की दर १० अंशांना बिघडण्याचा वेग दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. फ्रिजमधले १० अंश आणि मे महिन्यातल्या यवतमाळच्या खोलीतले ४०, म्हणजे किमान आठपट फरक. हा फरक कुठलंही बूच भरून काढू शकत नाही.

मग घ्यावीत का?

आधी कायदा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदीच आहे. तेव्हा हा सल्ला अमेरिकेसारख्या ठिकाणी राहणाऱ्या, जिथे हे कायदेशीर आहे अशा वाचकांसाठी.

- बाटलीत साखर घालून बनवलेली आणि दोन-तीन महिन्यांत संपणारी बिअर असेल, तर साधं बूच पुरे.
- हॉप्सचा सुगंध महत्त्वाचा असेल, किंवा बाटल्या वर्षभर ठेवायच्या असतील, तर घ्या. झिरपणाऱ्या ऑक्सिजनवर हे बूच खरोखर उपयोगी आहे.
- यीस्ट गाळून काढलेली बिअर भरत असाल, तरीही घ्या. तिथे ऑक्सिजन खायला दुसरं कोणी नाही.
- घेतलीत तर कोरडी, हवाबंद ठेवा. निर्जंतुक करायची ती अगदी लावायच्या वेळी. तासभर पाण्यात भिजवलीत तर रसायन बाटलीवर चढायच्या आधीच खर्ची पडायला लागतं.
- त्याआधी फुकटचे दोन उपाय करा. फेस काठापर्यंत आला की त्या फेसावरच बूच लावा, म्हणजे हवा बाहेर ढकलली जाते. आणि बाटल्या थंड जागी ठेवा.

पेंटरचं बूच १८९२ पासून मुळात तेच आहे. त्याने राखून ठेवलेलं काम हे नवं अस्तर पुढे नेतं, पण बूच लावायच्या आधी बाटलीत शिरलेल्या हवेचा बंदोबस्त भरणाऱ्यालाच करावा लागतो.