दहा दिवसांचं बाळ आणि एक डॉक्टर

उरणच्या करंजा बंदरातून होडीने धरमतरची खाडी ओलांडली की समोर रेवस आणि पुढे अलिबागचा रस्ता. १८७०च्या दशकात कल्याणहून बदली होऊन गोपाळराव जोशी अलिबागच्या टपाल कचेरीत आले. सोबत त्यांची लहानगी पत्नी होती. माहेरची यमुना, सासरची आनंदी. ३१ मार्च १८६५ चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, नवरा सुमारे वीस वर्षांनी मोठा आणि बिजवर. पत्नीने शिकावं हा गोपाळरावांचा ध्यास होता. त्यापायी तिला शिक्षण मिळालं, तसा मारही मिळाला.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या काळी अशा मृत्यूला नशीब म्हणून सोडून देत. आनंदीबाईंनी तसं केलं नाही. योग्य उपचार मिळाले असते तर बाळ वाचलं असतं, ही खंत त्यांच्या मनात राहिली आणि तिथूनच त्यांनी वैद्यकाची वाट धरली.

आजचं वैद्यकशास्त्र या घटनेत आणखी एक कारण पाहील. चौदाव्या वर्षी मुलीचं स्वतःचं शरीर वाढत असतं. कटीचं हाड पुरतं भरलेलं नसतं. रक्तक्षय असेल तर धोका वाढतो, आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याची शक्यता अधिक असते. म्हणजे बाळंतपण अवघड होण्याचं एक कारण लग्नाच्या दिवशीच तयार झालेलं असतं.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केलं. इथल्या बायका पुरुष डॉक्टरसमोर दुखणं सांगायला लाजतात, अंगाला हात लावू देत नाहीत. म्हणून याच समाजातल्या स्त्रिया डॉक्टर व्हायला हव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. दवाखाना आणि औषध असूनही रोगी दारापर्यंत पोचत नाही, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या जहाजाने अमेरिकेला निघाल्या. न्यू जर्सीतल्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी त्यांना घरच्या माणसासारखं सांभाळलं. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या दाखल झाल्या. हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र हा प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला, आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली.

पण प्रकृती खालावत गेली होती. जाण्याआधीच ताप आणि डोकेदुखी मागे लागलेली. तिकडे कडाक्याची थंडी, सवयीचं नसलेलं जेवण, शाकाहाराचा नेम आणि अभ्यासाचा ताण. त्यातच क्षयाने गाठलं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता, पण त्याला मारणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडलं. तोवर विश्रांती, हवापालट आणि सकस अन्न एवढाच आधार.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. तिथे रुजू होणं नशिबी नव्हतं. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

क्षय जंतूमुळेच होतो. मात्र जंतू शिरलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती कशी आहे, यावर पुष्कळ अवलंबून असतं, आणि ती पोटात काय जातं याच्याशीही बांधलेली असते. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना जादा शिधा देऊन एक अभ्यास झाला. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्या घरांत शिधा गेला, तिथे नवा क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटलं. शिधा इथे औषधाइतकाच मोलाचा ठरला.

आज क्षय बरा होतो, स्त्री डॉक्टरही गावोगावी आहेत. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं आढळलं. म्हणून नाडी पाहताना आणखी काही विचारायला हवं: लग्न कोणत्या वयात झालं, घरात शेवटी कोण जेवतं, दवाखाना किती लांब आहे, सोबत कोण येतं, आणि दुखणं मोकळेपणी सांगता येतं का. आनंदीबाईंच्या बाळासाठी हे कुणी विचारलं नव्हतं.