मुख्याध्यापक स्वामी रामानंद तीर्थ

आपल्या बीड जिल्ह्यात कुणाचा मोठा अपघात झाला, कुणाला साप चावला किंवा बाळंतपणात अडचण आली, की केज, धारूर, परळीकडून गाडी निघते ती थेट अंबाजोगाईच्या ‘स्वाराती’कडे. या तीन अक्षरांत एका माणसाचं नाव आहे, हे आपल्याला शाळेत माहीत होतं. 17 सप्टेंबरला झेंडावंदनाच्या भाषणात ते नाव दरवर्षी येई, आपण टाळ्या वाजवत असू आणि घरी जात असू. पण हा माणूस कधीकाळी आपल्याच जिल्ह्यात शाळेचा मुख्याध्यापक होता, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? स्मरणिकेसाठी काय लिहावं असा विचार करताना मला वाटलं, शाळेच्या पुस्तकात एका मुख्याध्यापकाचीच गोष्ट सांगावी. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, इतिहासाची अभ्यासक नाही. गुरुजनांनी चुकलं तिथं कान धरावा.

स्वामीजींचं मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म 3 ऑक्टोबर 1903 चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. शिक्षणासाठी ते सोलापूरला आले. 1920 मध्ये लोकमान्य टिळक गेले तेव्हा ते सतरा वर्षांचेही नव्हते. त्या वयात त्यांनी लग्न न करता आयुष्य देशासाठी द्यायचं ठरवलं. असहकाराच्या चळवळीत सरकारी शाळा सोडली आणि पुढचं शिक्षण राष्ट्रीय शाळेत आणि पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात पूर्ण केलं. लोकशाहीचा विकास हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. नंतर ते कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करू लागले, पण प्रकृतीनं साथ सोडली. विश्रांती घेऊन ते 1929 मध्ये निजामाच्या राज्यात आले ते शिक्षक म्हणून, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत. तिथं असतानाच त्यांनी संन्यास घेतला आणि व्यंकटेश खेडगीकरांचे रामानंद तीर्थ झाले. भगवी वस्त्रं आली, पण हातातला खडू सुटला नाही.

1935 मध्ये ते अंबाजोगाईला आले. सरकारी कागदांत तेव्हा गावाचं नाव मोमिनाबाद होतं. मुकुंदराज आणि दासोपंतांचं हे गाव, आणि त्याच गावात निजामाच्या घोडदळाची छावणी. इथल्या योगेश्वरी शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. हिप्परग्याचे त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपेही बरोबर होते.

त्या वेळचा बीड जिल्हा कसा होता, हे आधी समजून घ्यायला हवं. हैदराबाद संस्थानात 16 जिल्हे होते. त्यातले पाच मराठवाड्याचे: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हणत. कचेरीची आणि न्यायालयाची भाषा उर्दू. सरकारी शाळांत वरच्या वर्गांचं माध्यमही उर्दूच, आणि हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ तर 1918 पासून उर्दूतच शिकवत होतं. उर्दूबद्दल इथं तक्रार नाही. गोड भाषा आहे, आपल्या बोलीत ती अजून आहे. प्रश्न एवढाच होता, की घरी मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. आजही कुणी वडिलोपार्जित जमिनीचे जुने कागद काढले, की उर्दू वाचणारा माणूस शोधावा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे गश्ती निशाण 53. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. या परिपत्रकानं सभा घ्यायची तर आधी परवानगी काढणं बंधनकारक केलं होतं. आष्टीची शीव ओलांडली की अहमदनगर जिल्हा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. तिथं राज्य परक्यांचंच होतं, पण सभा होत, वर्तमानपत्रं निघत, निवडणुका होत. शिवेच्या अलीकडं यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. अशा ठिकाणी चार माणसांनी रोज एकत्र यायची, विचार करायची, प्रश्न विचारायची जी एक जागा उरते, ती शाळा. खासगी शाळांवरही सरकारचा डोळा होता, पण शाळा चालत होती. स्वामीजींनी अंबाजोगाईत जे तीन वर्षांचं काम केलं, त्याचं महत्त्व मला इथं दिसतं. पुढं मराठवाड्यात चळवळ उभी राहिली, तेव्हा हिप्परगा आणि अंबाजोगाई या दोन शाळांतले शिक्षक आणि विद्यार्थी तिच्यात ठिकठिकाणी होते.

1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, दुसरं 1938 मध्ये लातूरला. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होणार होती, पण निजाम सरकारनं ती स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी घातली. स्वामीजींनी शाळा सोडली आणि ऑक्टोबर 1938 मध्ये सत्याग्रह करून तुरुंगात गेले. दोनच महिन्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं सत्याग्रह थांबवण्यात आला, पण बंदी मात्र जुलै 1946 पर्यंत उठली नाही. मधल्या काळात 1940 च्या वैयक्तिक सत्याग्रहात स्वामीजींना पुन्हा तुरुंग घडला. पस्तिशीच्या या मुख्याध्यापकाची पुढची दहा वर्षं आत-बाहेर अशीच गेली.

1947 च्या जूनमध्ये निजामानं आपण भारतात सामील होणार नाही, स्वतंत्र राहणार, असं जाहीर केलं. त्याच महिन्यात हैदराबादला स्टेट काँग्रेसचं अधिवेशन झालं. स्वामीजी अध्यक्ष होते आणि त्यांनी विलीनीकरणाची मागणी उघडपणे मांडली. 15 ऑगस्टला सारा देश झेंडे लावत होता तेव्हा ते अटकेत होते. नोव्हेंबरअखेर ‘जैसे थे’ करार झाला आणि ते सुटले, पण जानेवारी 1948 मध्ये पुन्हा आत गेले. बाहेर रझाकारांचा धुमाकूळ सुरू होता. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील. एका बाजूचा पुढारी लातूरचा, दुसऱ्या बाजूचा काल-परवापर्यंत अंबाजोगाईत शिकवणारा. दोन गावांत एका दुपारच्या प्रवासाचं अंतर.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. सोलापूरकडून आलेली मुख्य तुकडी नळदुर्गमार्गे पुढं सरकली. 17 सप्टेंबरला निजाम शरण आला, आणि स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले. आपला मुक्तिदिन तो हाच.

या दिवसाची एक बाजू भाषणांत येत नाही. पोलीस कारवाईनंतर अनेक ठिकाणी रझाकारांचा सूड निरपराध मुसलमान कुटुंबांवर उगवला गेला. परिस्थिती पाहायला दिल्लीहून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती आली. ज्या जिल्ह्यांना झळ बसली त्यांत आपला बीडही होता. आपल्या वर्गातल्या काही मित्रमैत्रिणींच्या घरी हा इतिहास वेगळ्या आठवणींनी सांगितला जात असणार. म्हणून हेही लिहून ठेवायला हवं, की स्वामीजींचा लढा एका राजवटीशी होता, धर्माशी नव्हता. निर्भीडपणे लिहिल्याबद्दल ऑगस्ट 1948 मध्ये ज्यांचा खून झाला ते ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान याच लढ्यातले होते.

त्यानंतरचे स्वामीजी मला जास्त मोठे वाटतात. इतका तुरुंग भोगलेल्या पुढाऱ्याला मंत्रिपद सहज मिळालं असतं. ते लोकसभेत गेले, 1952 मध्ये गुलबर्ग्यातून आणि 1957 मध्ये औरंगाबादहून, पण सत्तेच्या खुर्चीवर बसले नाहीत. 1952 मध्ये बीडचे पहिले खासदार झाले ते बाबासाहेब परांजपे, आणि तेही काँग्रेसविरुद्ध लढून, पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटकडून! एका शाळेतले दोन सहकारी पहिल्याच निवडणुकीत वेगवेगळ्या पक्षांतून एकाच सभागृहात पोचले. सभेलाही परवानगी लागत होती त्या मुलखात चार वर्षांत एवढा फरक पडला.

जहागिऱ्या 1949 मध्येच संपल्या होत्या. अव्वल तालुकदाराचा जिल्हाधिकारी झाला. प्रश्न उरला तो संस्थानाचाच. तेलुगू, मराठी आणि कन्नड अशा तीन भाषांचं हे राज्य तसंच ठेवावं, असं म्हणणारे वजनदार लोक होते. स्वामीजींचं मत स्पष्ट होतं, की राज्याचं भाषेप्रमाणे विभाजन झालं पाहिजे. ते स्वतः कानडी मुलखात जन्मले, मराठीत वाढले, आणि त्यांचं राजकारण हैदराबादचं. राज्य एकत्र राहिलं असतं तर त्यांचं वजन वाढलंच असतं, तरी त्यांनी ते मोडायचा आग्रह धरला. एक जुनी सिस्टीम बंद करून तिचा डेटा नवीनवर न्यायचा म्हटलं तरी आमची महिनोन्‌महिने झोप उडते. इथं तर माणसं, कचेऱ्या, कर्मचारी, कागदपत्रं, देणी-घेणी सगळं तीन राज्यांत वाटायचं होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला ते झालं. बीड जिल्हा मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. आपल्या आई-वडिलांच्या पिढीला कचेरीत मराठीत अर्ज देता आला, आपल्याला दहावी मराठीत करता आली, त्यामागं हा निर्णय आहे.

शिक्षक मात्र त्यांच्यात शेवटपर्यंत होता. 1950 मध्येच त्यांच्या पुढाकारानं नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते 1958 मध्ये, त्याच्या आठ वर्षं आधी. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांना गुरू मानत. 22 जानेवारी 1972 ला हैदराबादला त्यांचं निधन झालं. मागं घर नाही, जमीन नाही, संसार नाही. दोनच वर्षांनी अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्याला त्यांचं नाव मिळालं. 1994 मध्ये नांदेडच्या विद्यापीठालाही मिळालं.

मित्रमैत्रिणींनो, या स्मरणिकेच्या शेवटी आपल्या सगळ्यांचे पत्ते दिले आहेत. पुणे, मुंबई, हैदराबाद, काही परदेशातले, आणि बीड जिल्ह्यातले थोडेच. त्यात गैर काही नाही. पोटासाठी माणूस जातो. ऊसतोडीला जाणाऱ्यांचा हा जिल्हा आहे, जाणं आपल्याला नवीन नाही. पण स्वामीजी उलट्या दिशेनं आले. पुण्यात शिकलेला, मुंबई-दिल्लीत काम करू शकणारा माणूस हिप्परग्याला आणि मोमिनाबादला येऊन मुलांना शिकवत बसला. आपल्या सरांनी आणि बाईंनीही तेच केलं. बदली मागून शहरात जाता आलं असतं, तरी ते इथं राहिले, आणि त्यांच्यातले काही आज या मेळाव्यात पहिल्या रांगेत बसले आहेत. स्वामीजींविषयी लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं तीच रांग होती.